घराशेजारी डेटा सेंटर येतंय: उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेन्सव्हिल, हेमार्केट, ब्रिस्टो, ॲशबर्न, ब्रॅम्बल्टन या भागांतून गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न आले, ते इथे एकत्र केले आहेत. निम्मे गणपतीच्या आरतीनंतर जेवणाच्या रांगेत विचारलेले, उरलेले रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, सोबत रस्त्याकडेच्या पाटीचा फोटो. मी वकील नाही. प्रिन्स विल्यम काउंटीत राहते, जनसुनावण्यांना जाऊन बसते आणि कागद वाचते, एवढंच. माझी बाजूही आधीच सांगून टाकते: डेटा सेंटर लागतात हे मला मान्य आहे. ती घराच्या कुंपणाला लागून आणि पिण्याच्या पाण्याच्या उगमाकडे नकोत, एवढंच म्हणणं आहे.

१. डेटा सेंटर म्हणजे नेमकं काय? बाहेरून तर गोदामच वाटतं.

गोदामच म्हणा, आत माल म्हणून चोवीस तास चालू असलेले सर्व्हर. खिडक्या जवळजवळ नाहीत, माणसं मोजकी. छतावर किंवा मागच्या बाजूला पंख्यांच्या रांगा, कडेला डिझेल जनरेटर, जवळच विजेचं सबस्टेशन. शेजाऱ्यांना जो काही त्रास होतो तो पंखे, जनरेटर आणि सबस्टेशनकडे येणाऱ्या तारा यांचा. सर्व्हर बिचारे आत गप्प असतात.

आकाराचा अंदाज घ्यायचा तो विजेवरून. १०० मेगावॉटचं सेंटर पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला २४ लाख युनिट लागतात. इथल्या साधारण घराला महिन्याला १००० युनिट धरले, तर ही ७२,००० घरांची वीज झाली. अर्जात चौरस फूट ठळक छापलेले असतात आणि मेगावॉट शोधावे लागतात. आधी तेच शोधा.

२. पण सगळी इथेच का येतात? अमेरिकेत जागा कमी आहे का?

जागा भरपूर आहे, पण जमिनीखालच्या तारा इथे आहेत. नव्वदच्या दशकात इंटरनेटच्या सुरुवातीच्या मोठ्या जोडण्यांपैकी एक याच भागात होती, एओएल या इंटरनेट कंपनीचं मुख्यालय लाउडन काउंटीत होतं, मग इक्विनिक्स ही डेटा सेंटर कंपनी ॲशबर्नला आली. एकाची केबल दुसऱ्याच्या केबलशेजारी असली की दोघांचंही काम सोपं होतं, म्हणून तिसरा येतो. दादरच्या फुलबाजारात नवा फुलवाला दुकान का टाकतो, तेच कारण. वर राज्याने यंत्रसामग्रीवरच्या विक्रीकरात सूट दिली (त्याचा हिशेब प्रश्न ११ मध्ये).

‘जगातलं ७० टक्के इंटरनेट ॲशबर्नमधून जातं’ हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. जाहिरातीतून ते बातम्यांत गेलं आणि बातम्यांतून गप्पांत. जनसुनावणीतल्या तुमच्या तीन मिनिटांच्या भाषणात ते वापरू नका, त्याने फायदा झाला तर समोरच्या पक्षाचा होतो.

३. ‘डिजिटल गेटवे’ हे प्रकरण काय होतं? सगळे त्याचंच नाव घेतात.

प्रिन्स विल्यम काउंटीत गेन्सव्हिलजवळ पेजलँड लेन नावाचा रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं, तबेले, मोठ्या आवाराची घरं. शेजारी मनॅससचं रणांगण: १८६१ आणि १८६२ साली अमेरिकी यादवी युद्धाच्या दोन मोठ्या लढाया तिथे झाल्या, आणि आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. या रस्त्याकडेच्या २,१०० एकरांहून जास्त जमिनीवर क्यूटीएस आणि कंपास या दोन कंपन्यांना डेटा सेंटर उभारायची होती. सुमारे ३७ इमारती, मिळून दोन कोटी वीस लाख चौरस फुटांच्या वर.

नोव्हेंबर २०२२ मध्ये काउंटीने आपल्या विकास आराखड्यात बदल करून या भागात डेटा सेंटरला वाट मोकळी केली. २०२३च्या जूनमध्ये काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाच्या अध्यक्षा आणि प्रकल्पाच्या पाठीशी उभ्या असलेल्या ॲन व्हीलर स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत डेशंड्रा जेफरसन यांच्याकडून हरल्या. नोव्हेंबरमध्ये प्लॅनिंग कमिशनने अर्ज फेटाळावेत अशी शिफारस केली. एवढं होऊनही जुन्या बोर्डाने मुदत संपायच्या काही आठवडे आधी सुनावणी ठेवली. १२ डिसेंबरला सकाळी सुरू झालेली ती बैठक दुसऱ्या दिवशी संपली: सलग २७ तास. शेकडो लोक बोलले. पहाटे तीनला बोलायची पाळी आलेल्या आजीबाई, खुर्चीत झोपलेली मुलं, घरून आणलेले डबे. निकाल ४ विरुद्ध ३, एक सदस्य तटस्थ. मंजूर.

पण कहाणी तिथे थांबली नाही. ओक व्हॅली या शेजारच्या वसाहतीची घरमालक संघटना आणि काही रहिवासी कोर्टात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ते रीझोनिंग (जमिनीचा ठरलेला वापर बदलायची मंजुरी) मुळापासूनच रद्दबातल ठरवलं. कारण रणांगण नव्हतं, पाणी नव्हतं, आवाजही नव्हता. कारण होतं वर्तमानपत्रातली जाहिरात. सुनावणीची सूचना कायद्यात सांगितलेल्या अंतराने छापून आली नव्हती आणि कागद लोकांना वेळेवर बघायला ठेवले नव्हते. कंपन्यांनी अपील केलं.

मला विचाराल तर या अख्ख्या लढाईतून घ्यायची गोष्ट हीच. २७ तासांच्या भाषणांनी जे झालं नाही ते कुणीतरी जाहिरातींच्या तारखा मोजल्याने झालं. भाषणं वाया गेली असं नाही, त्यांच्यामुळेच तारखा मोजणारी माणसं गोळा झाली. पण तारखा मोजाच.

४. आमच्या रस्त्यावर सूचनेची पाटी लागली आहे. पहिल्या दिवशी काय करायचं?

फोटो काढा, तारखेसकट. पाटीवरचा केस नंबर काउंटीच्या संकेतस्थळावर टाका. अर्ज, नकाशे आणि काउंटीच्या कर्मचाऱ्यांचा अहवाल तिथे असतात. चार गोष्टी शोधायच्या: एकूण मेगावॉट, इमारतीची उंची, जनरेटरची संख्या आणि तुमच्या हद्दीपासून सबस्टेशन किती लांब. नकाशात सबस्टेशन दाखवलंच नसेल तर तोच तुमचा पहिला प्रश्न.

मग बघायचं की अर्ज कशाचा आहे: रीझोनिंग, विशेष परवाना, की नुसता साइट प्लॅन, म्हणजे बांधकामाचा आराखडा. शेवटचा असेल तर बातमी वाईट आहे, प्रश्न ५ वाचा.

आधी प्लॅनिंग कमिशनची सुनावणी होते, नंतर बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची. कमिशन फक्त शिफारस करतं. आपली मंडळी बहुतेक वेळा दुसऱ्या सुनावणीला जागी होतात, तोवर अर्जात फरक करायची वेळ जवळपास गेलेली असते. पहिल्या सुनावणीच्या आधी आपल्या भागाच्या सुपरवायझरची भेट मागा. ते भेटतात. पाच शेजारी मिळून गेलात तर नक्की भेटतात.

५. ‘बाय-राइट’ म्हणजे काय? काउंटी म्हणते, आम्हाला थांबवताच येत नाही. खरं आहे का?

दुर्दैवाने बऱ्याचदा खरं असतं. जमिनीच्या झोनिंगमध्ये डेटा सेंटर आधीच बसत असेल तर मालकाला बांधायचा हक्क आहे. सुनावणी नाही, मतदान नाही, कर्मचारी साइट प्लॅन तपासतात आणि संपलं. प्रिन्स विल्यमने २०१६ मध्ये सुमारे १०,००० एकरांचा खास पट्टा ठरवला, त्यात अशी मुभा आहे. त्या पट्ट्यात काही वसाहतींच्या भिंतीला भिंत लागते, आणि घर घेताना हे कुणी सांगत नाही (प्रश्न १९).

लाउडनने मार्च २०२५ मध्ये ही मुभा काढून टाकली, आता तिथे प्रत्येक डेटा सेंटरला बोर्डासमोर यावं लागतं. मात्र आधीच दाखल झालेल्या काही अर्जांना सूट मिळाली. त्यामुळे ‘लाउडनमध्ये आता काही होणार नाही’ असं समजून निर्धास्त राहू नका.

बाय-राइट प्रकल्पातही हरकत घ्यायला तीन जागा उरतात: हवेचा परवाना (प्रश्न १०), वीजवाहिनी (प्रश्न १६) आणि आवाजाचा नियम (प्रश्न ७).

६. कंपनी म्हणते आम्ही ‘प्रॉफर’ देतो. ते आश्वासन असतं का?

आश्वासनापेक्षा पक्कं. रीझोनिंगच्या अर्जासोबत कंपनी स्वतःहून ज्या अटी लिहून देते त्या मंजुरीनंतर जमिनीला चिकटतात, उद्या मालक बदलला तरी. म्हणून शब्दन् शब्द वाचायचा. ‘शक्य तिथे झाडं लावू’ याला काही किंमत नाही. ‘हद्दीपासून अमुक फुटांच्या पट्ट्यात अमुक उंचीची सदाहरित झाडं, इमारतीचा वापर सुरू होण्याआधी’ याला आहे.

एक चलाखी लक्षात ठेवा: सुनावणीच्या आदल्या एक-दोन दिवसांत नवे प्रॉफर दाखल होतात. कुणाला वाचायला वेळ नसतो. भाषणाचं पहिलं वाक्य तेच करा: ‘हा कागद काल संध्याकाळी आला.’

७. आवाज खरंच येतो का? कंपनीच्या अहवालात तर सगळं मर्यादेत आहे.

येतो, सगळीकडे नाही. मनॅससजवळच्या ग्रेट ओक वसाहतीतल्या लोकांनी २०२२ पासून या गुणगुणीविरुद्ध आवाज उठवला. छतावरच्या पंख्यांचा खालच्या पट्टीतला सलग सूर. मोठा नाही, पण थांबत नाही. गिरणीशेजारी राहिलेल्या माणसाला सांगायला नको, पण गिरणी रात्री बंद व्हायची.

अहवाल ‘मर्यादेत’ का असतो? मोजणी बहुधा डेसिबल-ए या मापात होते. ते माप माणसाच्या कानाच्या सवयीने चालतं आणि खालच्या सुरांना कमी धरतं. खिडकी बंद करूनही भिंतीतून येतो तो नेमका खालचा सूर. म्हणून मागणी अशी करा: डेसिबल-सी मध्येही मोजा, वारंवारितेच्या पट्ट्यांनुसार मोजा, रात्री मोजा, आणि सगळे पंखे चालू असतानाचे आकडे द्या. अर्धी रिकामी इमारत आणि भरलेली इमारत यांचा आवाज सारखा नसतो.

प्रिन्स विल्यमच्या जुन्या नियमात वातानुकूलन यंत्रांना सूट होती. घरामागच्या एका एसीचा विचार करून लिहिलेली ती ओळ शेकडो पंख्यांच्या इमारतीला लागू पडली. तुमच्या गावाच्या नियमात अशी ओळ आहे का ते आधी बघा.

मोबाइलच्या ॲपवर मोजलेले आकडे पुरावा म्हणून टिकत नाहीत. तरी रोजची नोंद ठेवा: तारीख, वेळ, वारा, झोपमोड झाली की नाही. वहीतली तीन महिन्यांची नोंद ऐकणाऱ्यांवर परिणाम करते, हे मी पाहिलं आहे.

८. आमचं वीजबिल डेटा सेंटरमुळे वाढलं का?

काही भाग, हो, आणि पुढे जास्त. तेरा राज्यांना वीज पुरवणाऱ्या पीजेएम या जाळ्यात ‘गरज पडली तर वीज तयार ठेवू’ याचा लिलाव होतो. २०२४-२५ साठी तो दर मेगावॉटमागे दिवसाला २८.९२ डॉलर होता, पुढच्या वर्षासाठी २६९.९२ झाला. डेटा सेंटरची मागणी हे त्याचं एक मोठं कारण. ते पैसे शेवटी सगळ्यांच्या बिलात येतात.

व्हर्जिनिया विधिमंडळाच्या जेलार्क या तपासणी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये डेटा सेंटरवर मोठा अहवाल दिला. तो सगळ्यांनी वाचावा, कारण तो कुणाच्याच बाजूचा नाही. त्यात म्हटलंय की आतापर्यंत डेटा सेंटर आपल्या वाट्याचा खर्च भरत आली आहेत, पण ही वाढ अशीच राहिली तर डोमिनियन या वीज कंपनीच्या घरगुती ग्राहकाचं बिल २०४० पर्यंत महागाई सोडून महिन्याला १४ ते ३७ डॉलरनी वाढू शकतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याच्या स्टेट कॉर्पोरेशन कमिशनने २५ मेगावॉट आणि त्यावरच्या ग्राहकांसाठी वेगळा दरवर्ग मंजूर केला. जानेवारी २०२७ पासून अशा ग्राहकाला १४ वर्षांचा करार करावा लागेल आणि वीज वापरो न वापरो, मागितलेल्या क्षमतेपैकी वहनाचा ८५ टक्के आणि निर्मितीचा ६० टक्के भार भरावा लागेल. म्हणजे तारा टाकून घेतल्या आणि पाहुणा आलाच नाही, तर मांडवाचा खर्च गावावर पडू नये.

९. पाणी किती लागतं? कुणी म्हणतं नद्या आटतील, कुणी म्हणतं काहीच नाही.

थंड करायची पद्धत काय, त्यावर सगळं आहे. बंद नळ्यांतून तेच पाणी फिरवणाऱ्या किंवा हवेवर चालणाऱ्या सेंटरला पाणी कमी लागतं आणि वीज जास्त. पाण्याची वाफ करून थंडावा घेणाऱ्यांचं उलटं. साधं भौतिकशास्त्र लावलं तर एक युनिट उष्णता वाफेतून घालवायला सुमारे दीड लिटर पाणी उडतं. १०० मेगावॉटचं सेंटर पूर्णपणे याच पद्धतीवर चाललं तर दिवसाला ३६ लाख लिटर: दहा हजार लिटरचे ३६० टँकर. मराठवाड्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्याला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रत्यक्षात बरीच सेंटर वर्षातले काही महिनेच असं करतात. जेलार्कच्या अहवालानुसार व्हर्जिनियातल्या बहुतेक सेंटरना एखाद्या मोठ्या ऑफिस इमारतीइतकं किंवा त्याहून कमी पाणी लागतं, थोड्यांना मात्र खूप. तुमच्याकडचं कुठल्या गटातलं, हे अर्जदारालाच लेखी विचारा. लाउडनमध्ये सांडपाणी शुद्ध करून सेंटरना पुरवायची वेगळी नळजोडणी आहे, ते उदाहरण चांगलं.

डिजिटल गेटवेच्या वेळी खरी भीती किती पाणी पिणार ही नव्हती. तिथून वाहून जाणारं पाणी शेवटी ऑकोक्वान जलाशयाला मिळतं, आणि त्यावर उत्तर व्हर्जिनियातले सुमारे आठ लाख लोक अवलंबून आहेत. दोन हजार एकर गवताचं छप्पर आणि डांबर झालं, तर पावसाबरोबर काय काय वाहत जाईल, हा प्रश्न पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेनेच विचारला होता.

१०. डिझेल जनरेटर रोज चालतात का?

नाही. चाचणीपुरते आणि वीज गेल्यावर. पण एकेका आवारात ते डझनांनी असतात आणि चाचण्याही होतात. त्यांना राज्याच्या पर्यावरण विभागाचा हवेचा परवाना लागतो, त्याच्या मसुद्यावर लेखी हरकत घेता येते. बाय-राइट प्रकल्पातही. ही खिडकी लोक वापरतच नाहीत.

हरकतींनी फरक पडतो का? २०२३च्या सुरुवातीला याच विभागाने विजेच्या टंचाईत डेटा सेंटरना जनरेटर जास्त चालवू द्यायची तात्पुरती सवलत सुचवली. इतका विरोध झाला की आधी ती एका काउंटीपुरती आकुंचन पावली आणि वसंत संपायच्या आत मागे घेतली गेली.

११. पण या करांवरच तर आपल्या शाळा चालतात. मग तक्रार कशाला?

हा प्रश्न मला ॲशबर्नहून सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. लाउडनच्या मालमत्ता करातला जवळपास निम्मा वाटा डेटा सेंटरकडून येतो, आणि त्यामुळे घरांवरचा कराचा दर गेली कित्येक वर्षं खाली येत गेला. ज्याची मुलं तिथल्या शाळेत आहेत त्याने हे नाकारू नये. डेटा सेंटरला शाळा लागत नाहीत आणि गाड्यांची गर्दी होत नाही, हेही खरं.

दुसऱ्या पानावर हे लिहा: राज्य पातळीवर विक्रीकराच्या सवलतीत २०२३ या आर्थिक वर्षात ९२.८ कोटी डॉलर सोडले गेले. काउंटीला मिळतं, राज्य सोडून देतं. शिवाय काउंटीचं उत्पन्न मुख्यतः आतल्या संगणकांवरच्या करातून येतं, आणि संगणकाची किंमत दरवर्षी घसरते. नवे सर्व्हर येत राहिले तरच गाडी चालते. एका उद्योगावर एवढं टेकून राहणं बरं नव्हे, हे लाउडनचे अधिकारी स्वतःच बोलतात.

सुनावणीत कराचा मुद्दा खोडायला जाऊ नका. ‘हेच उत्पन्न दोन मैलांवरच्या औद्योगिक पट्ट्यातूनही मिळेल’ असं म्हणा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.

१२. नोकऱ्या मिळतील ना?

बांधकाम चालू असताना भरपूर, दीड हजारापर्यंत माणसं एका जागी. नंतर अडीच लाख चौरस फुटांच्या इमारतीत सुमारे ५०, त्यातली निम्मी कंत्राटी. हे आकडेही जेलार्कचे.

१३. नवरा क्लाउड कंपनीत आहे. मी विरोधात बोलले तर ढोंग नाही का? आणि त्याच्या नोकरीला धोका?

ढोंगाचं आधी. आपण सगळेच क्लाउडवर जगतो. सांडपाणी प्रत्येक घरातून निघतं म्हणून शुद्धीकरण केंद्र कुठेही चालतं असं कुणी म्हणत नाही. जागा निवडण्याबद्दल बोलण्यात ढोंग कसलं?

नोकरीचं मात्र गंभीर आहे. बोलण्याचं घटनात्मक स्वातंत्र्य सरकारपासून संरक्षण देतं, खासगी मालकापासून नाही. व्हर्जिनियात मालक कारण न देता नोकरीवरून काढू शकतो. म्हणून रहिवासी म्हणून बोला, कंपनीचं नाव घेऊ नका, आणि ऑफिसात कळलेली एकही गोष्ट, अगदी क्षुल्लक वाटली तरी, भाषणात आणू नका. तुम्ही बोललात म्हणून नवऱ्याला त्रास झाल्याचं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, पण त्याला न विचारता जाऊ नका. संसार काउंटीपेक्षा मोठा.

१४. आम्ही एच-वन-बीवर आहोत. बोलता येतं का? सही, देणगी?

सुनावणीत बोलता येतं. अर्जावर सही करता येते. पाटी अंगणात लावता येते, तुमच्या एचओएची (घरमालक संघटनेची) परवानगी असेल तर. (ती नसण्याची शक्यता जास्त.)

दोन खड्डे आहेत. पहिला: सुपरवायझर पदाच्या उमेदवाराला निवडणुकीसाठी २५ डॉलरही देऊ नका. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला कुठल्याही निवडणुकीत, गावच्यासुद्धा, देणगी द्यायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. कोर्टाच्या खर्चासाठी रहिवाशांच्या संस्थेला वर्गणी देणं ही वेगळी गोष्ट, ते चालतं. मतदार नोंदणीच्या टेबलावर कुणी अर्ज पुढे केला तर हात जोडून निघून या. नागरिक नसताना नोंदणी झाली तर पुढचं स्थलांतराचं सगळं प्रकरण अडकतं.

दुसरा खड्डा: व्हर्जिनियाचा माहिती अधिकाराचा कायदा ‘राज्याच्या नागरिकांना’ हक्क देतो. व्हिसावर असाल तर उगाच वाद नको, शेजारच्या नागरिकाच्या नावाने अर्ज करा. काउंटीला पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं किंवा जास्त वेळ मागावा लागतो. व्हिसाबद्दल शंका असेल तर स्थलांतर-वकिलाला विचारा, मला नको.

१५. ज्याची जमीन, त्याला ती विकायची आहे. त्याला अडवणारे आपण कोण?

पेजलँड लेनवर नेमकं हेच घडलं, आणि मला या प्रश्नाचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. तिथल्या अनेक मालकांनीच काउंटीकडे बदल मागितला होता. उच्चदाबाच्या तारा त्यांच्या शेतांवरून आधीच गेल्या होत्या. ‘आमचा गाव गावासारखा ठेवलात कुठे,’ हा त्यांचा सवाल होता. शेतीच्या भावाच्या कित्येक पट पैसे समोर होते. त्यांच्यात तीन पिढ्या तिथे काढलेले लोक होते, आणि विरोध करणाऱ्यांत आमच्यासारखे, दहा वर्षांपूर्वी तयार घर घेऊन आलेले. पुणे-मुंबईकडच्या जमिनीच्या भांडणांत आपण शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. इथे शेतकरीच विकायला बसला होता.

त्या भागाचे सुपरवायझर आधी विरोधात होते. पुढे त्यांच्या स्वतःच्या घराचाही सौदा त्याच प्रकल्पात झाला, त्यांना मतदानातून बाजूला व्हावं लागलं आणि २०२२च्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा माणसं वाईट होती असं म्हणण्यात अर्थ नाही. झोनिंग असतंच याच्यासाठी: एकाच्या विक्रीचा भार शेजाऱ्यावर किती पडावा हे आधी ठरवायला. शेजाऱ्याशी बोलणं मात्र सोडू नका. मी सोडलं होतं, दोन वर्षं गेली.

१६. डेटा सेंटर लांब आहे, पण विजेची टॉवर लाइन आमच्या मागून जाणार म्हणतात. काय करता येईल?

इथे काउंटी बोर्डाचा शब्द शेवटचा नसतो, निर्णय स्टेट कॉर्पोरेशन कमिशनचा. हेमार्केटचं उदाहरण बघा. एका डेटा सेंटरसाठी २३० किलोव्होल्टची लाइन हवी होती आणि एक मार्ग कार्व्हर रोडवरून जात होता. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वंशजांची तिथे पिढीजात घरं आहेत. कित्येक वर्षं चाललेल्या विरोधानंतर २०१८च्या राज्य कायद्याने वाट निघाली आणि लाइनचा काही भाग महामार्गालगत जमिनीखालून गेला. लढा लांबला, पण लाइन हलली. अशा सुनावणीत ‘नको’ पेक्षा ‘अमुक मार्गाने न्या’ याला वजन असतं.

१७. मंजुरी मिळून गेली. आता सगळं संपलं का?

घड्याळ सुरू झालं. व्हर्जिनियात झोनिंगच्या निर्णयाला आव्हान द्यायला मतदानापासून ३० दिवस मिळतात. एकतिसाव्या दिवशी वकिलाकडे जाऊन उपयोग नाही, म्हणून वकील सुनावणीच्या आधीच शोधून ठेवायचा. दावा करणाऱ्याचं घर जवळ हवं आणि त्याचं इतरांपेक्षा वेगळं, स्वतःचं नुकसान दाखवता यायला हवं. तीन मैलांवरून कळकळ असून भागत नाही. एखाद्या कुटुंबापेक्षा लागून असलेली घरमालक संघटना आणि सोबत दोन-तीन नावं हे बरं.

निवडणुकीचा रस्ताही आहे. वॉरेंटनच्या नगर परिषदेने २०२३ मध्ये एक डेटा सेंटर मंजूर केलं, २०२४च्या निवडणुकीत परिषदेचं चित्रच पालटलं. २०२५ मध्ये लाउडन-फॉकियर भागातून जॉन मॅकॉलिफ डेटा सेंटरचाच मुद्दा घेऊन विधिमंडळात गेले. पण जाता जाता मत देऊन जाणारं बोर्डही असतं, ते प्रश्न ३ मध्ये पाहिलंच.

१८. आई-बाबांच्या ऐरोलीच्या सोसायटीसमोर डेटा सेंटर होतंय. इथलेच उपाय तिथे चालतील?

फार थोडे. ऐरोली, रबाळे, महापे हा एमआयडीसीचा जुना औद्योगिक पट्टा. जमीन आधीच उद्योगाची आहे, त्यामुळे इथल्या बाय-राइटसारखीच गत: झोन बदलायचा नाही, म्हणून त्या टप्प्यावर सुनावणी नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर २००६च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलं आहे. लोकांना वाटतं सुनावणीची नोटीस येईल. येत नाही.

हातात काय आहे? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी. जनरेटर किती, धुरांडं किती उंच, हे त्यात असतं. दहा रुपयांत माहितीचा अर्ज, उत्तराला ३० दिवस. तुम्ही अमेरिकी नागरिक झाला असाल तर अर्ज बाबांच्या नावाने करा, तो हक्क भारतीय नागरिकाचा. आवाजासाठी २००० सालचे नियम: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. सोसायटी कुठल्या भागात धरली आहे यावरच सगळं भांडण होतं, तेव्हा ते आधी लेखी मागा. पर्यावरण मंजुरीविरुद्ध पुण्याच्या हरित लवादाकडे अपील ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत.

१९. घर घेतोय. शेजारी डेटा सेंटर येणार आहे का, हे कसं कळेल?

एजंटला विचारा, पण त्याच्या उत्तरावर विसंबू नका. काउंटीच्या झोनिंग नकाशावर घराभोवतीचा एक मैल बघा: रिकामी जमीन कुठली, तिचा झोन काय, ती डेटा सेंटरच्या पट्ट्यात आहे का. पलीकडे रान दिसतंय म्हणून रान राहील असं नाही, विकत घेऊन ठेवलेलं रानही तसंच दिसतं. उच्चदाबाच्या तारा जवळ असतील तर दुप्पट लक्ष द्या, सेंटर तारांच्या मागे येतात. प्रलंबित अर्जांची यादी नावासकट बघा. कंपनीचं खरं नाव बहुधा नसतं, कुठलीतरी एलएलसी, म्हणजे नावापुरती कंपनी, असते.

आणि सेंटर आधीच बांधून उभं असेल तर करार करायच्या आधी, वारा पडलेल्या एखाद्या रात्री अकरानंतर तिथे जा. गाडी बंद करा, काच खाली घ्या आणि दहा मिनिटं काही न बोलता बसा. मुलांना नेऊ नका, ती बोलतात.